पुस्तक न वाचता माजी जगज्जेत्याला हरवणारे पंजाबचे सुलतान खान

सध्या आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे. परवा गव्हाला दारं धरायला गेलो. मोटर चालू केली, पाणी वाफ्यात सोडलं आणि बांधावर बसलो. एक वाफा भरायला वेळ लागतो, तोवर करायचं काय? आमचं पोरगं नववीत आहे, त्याला बुद्धिबळाचं वेड. त्यानंच माझ्या मोबाईलमध्ये बुद्धिबळाचं ॲप टाकून दिलंय. त्यात जुने गाजलेले डाव एकेक चाल करून बघता येतात. बघता बघता एक डाव समोर आला. पांढऱ्या बाजूला नाव होतं सुलतान खान आणि काळ्या बाजूला कापाब्लांका. कापाब्लांका म्हणजे क्युबा देशाचा माणूस, १९२१ ते १९२७ जगज्जेता. आणि हरला होता कापाब्लांका.

हा सुलतान खान कोण म्हणून शोधायला लागलो आणि तीन रात्री त्यातच गेल्या. एका रात्री तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं, त्याची बोलणी खाल्ली ती वेगळी.

एक आधीच सांगतो. इंग्रजी पुस्तकांत या माणसाविषयी लिहिताना आदर वेगळा दाखवायची सोयच नाही, त्या भाषेत सगळेच सारखे. आपल्याकडं अहो-जाहो आहे. त्यामुळं मी त्यांना अहो-जाहोच करणार. का, ते पुढं कळेल.

सुलतान खान यांचा जन्म १९०३ सालचा. जुन्या पुस्तकांत १९०५ पण सापडतं. गाव मिठा टिवाणा, तेव्हाचा अखंड पंजाब, आज पाकिस्तानातला खुशाब जिल्हा. झेलम नदी तिथून फार लांब नाही, पण दुसऱ्या अंगाला थळचं वाळवंट. म्हणजे पाणी जवळ दिसतं आणि पिकाला मिळत नाही, असा मुलूख. आपल्याकडच्या बऱ्याच गावांना हे समजावून सांगायला नको.

नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवलं. पण ते आजचं बुद्धिबळ नव्हे. आपला देशी खेळ. आपल्याकडं पारावर, देवळाच्या ओसरीवर म्हातारी माणसं खेळायची तसला. नियम गावागणिक थोडे बदलायचे, पण मुख्य गोष्टी सारख्या. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढं जातं. विलायती खेळात ते पहिल्यांदा दोन घरं उडी घेऊ शकतं. देशी खेळात किल्लेकोट नाही, म्हणजे राजाला एका चालीत कोपऱ्यात हलवून समोर हत्ती उभा करायची सोय नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. आणि प्यादं पार पलीकडं पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं त्याच मोहऱ्याचं व्हायचं. विलायती खेळात मात्र कुठंही पोचलं तरी सरळ वजीर मागता येतो.

नियम बारीकसारीक वाटतील, पण त्यानं सगळा खेळ बदलतो. प्यादी हळू चालली की सुरुवातीला मारामारी होत नाही. दोघं आपापल्या हद्दीत फौज लावत बसतात. नांगरट, मग वखरणी, मग पेरणी. खरी झटापट नंतर. त्यामुळं देशी खेळाडू डावाच्या मध्यात आणि शेवटी फार चिवट असायचे, पण सुरुवातीच्या दहा-पंधरा चालींचा विलायती अभ्यास त्यांच्याकडं नसायचा. युरोपात तोवर त्या सुरुवातीवर पुस्तकांच्या पुस्तकं लिहून झाली होती. अमुक चाल केली तर तमुक उत्तर, असं सगळं छापलेलं. सुरुवातीच्या प्रत्येक मांडणीला नाव.

विशीत असतानाच सुलतान खान पंजाबातले सगळ्यात भारी खेळाडू म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि इथं त्यांच्या आयुष्यात आले सर उमर हयात खान टिवाणा. कालरा इथली मोठी जहागीर, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढलेले, पुढं बादशहा पंचम जॉर्ज यांचे मानद एडीसी. घोडे, शिकारी कुत्रे, बहिरी ससाणे आणि बुद्धिबळ हे त्यांचे शौक. त्यांनी या तरुणाला आपल्या पदरी ठेवून घेतलं आणि विलायती नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खान यांनी ९ डावांत ८ जिंकले, एक बरोबरीत सोडला. एकही हरले नाहीत.

१९२९ साली सर उमर लंडनला निघाले, तिथं त्यांची भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर नेमणूक झाली होती. सोबत सुलतान खान यांनाही नेलं. आता जरा डोळ्यांपुढं आणा. झेलमकाठचा माणूस, इंग्रजी येत नाही, पहिल्यांदाच समुद्र ओलांडलेला, आणि लंडनचं ते ओलं, गारठलेलं हवामान. मलेरिया तर होताच, त्यात सर्दी-पडसं आणि घसा कायमचा बसलेला. पुढं अनेक स्पर्धांत ते गळ्याला पट्टी गुंडाळून खेळायला बसायचे, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय.

लंडनमध्ये त्यांच्या सरावासाठी आधी एक छोटी स्पर्धा भरवली. त्यात ते शेवटच्या जागेवर राहिले. सुरुवातीच्या मांडणीतच अडकायचे. मग विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना हाताशी धरून तयारी करून घेतली. काही महिन्यांनी रॅम्सगेट या गावी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. ज्याची कुणी गिनतीच केली नव्हती तो माणूस पहिला आला. विलायतेला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि साऱ्या ब्रिटिश साम्राज्याचा विजेता ठरला. आणि हे साल लक्षात घ्या, १९२९. त्याच डिसेंबरात लाहोरला रावीच्या काठी काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला.

ते एकदा घरी आले, पुन्हा १९३० च्या मे महिन्यात युरोपला गेले आणि तिथून पुढची साडेतीन वर्षं म्हणजे त्यांची खरी कारकीर्द. एवढीच. आपल्याकडं डाळिंबाची बागसुद्धा त्यापेक्षा जास्त वर्षं चालते.

आता तो डाव. हा सांगताना जरा वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते या माणसाचा सगळा स्वभाव त्यात आहे. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनीही वाचावं, मी आकडे-अक्षरं टाळलीयेत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचं गाव आहे. तिथं दरवर्षी नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत स्पर्धा व्हायची. १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांका होता, हॉलंडचा मॅक्स युवे होता, जो पुढं १९३५ साली जगज्जेता झाला. आणि होते सुलतान खान. कापाब्लांका म्हणजे काय चीज होती, तर मधे सलग आठ वर्षं हा माणूस स्पर्धेतला एकही डाव हरला नव्हता. त्याच्या खेळाला लोक यंत्र म्हणायचे.

सुलतान खान यांच्याकडं पांढरी मोहरी. दुसऱ्याच चालीला त्यांनी वजिरापुढचं प्यादं पुढं काढलं. कापाब्लांकानं उत्तर म्हणून एक घोडा बाहेर काढला आणि वजिराच्या बाजूचा उंट अशा जागी नेऊन बसवला की तिथून तिरकी लांबलचक वाट सगळ्या पटावर दिसावी. या मांडणीचं नाव आहे क्वीन्स इंडियन डिफेन्स. क्वीन म्हणजे आपला वजीर. आणि इंडियन का? तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक बंगाली खेळाडू होते. जॉन कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश माणसाशी ते खूप डाव खेळले. देशी खेळाच्या सवयीनं प्यादी एकेक घर सरकवत, उंट बाजूच्या तिरक्या वाटेवर बसवत खेळायचे. ते डाव छापून युरोपात गेले आणि तसल्या मांडण्यांना पुढं इंडियन म्हणायचा रिवाज पडला. म्हणजे बघा, हेस्टिंग्जच्या त्या टेबलावर क्युबाचा माणूस हिंदुस्थानी नावाची मांडणी पुस्तकातून शिकून खेळत होता, आणि समोर खरा हिंदुस्थानी बसलेला, ज्यानं ते पुस्तक उघडलेलंही नव्हतं.

पाचवी चाल. सुलतान खान यांनी काय केलं, तर वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं, अगदी कडेचं प्यादं एकच घर पुढं सरकवलं. बस. बघणाऱ्याला वाटेल, ही काय चाल झाली? मोहरी बाहेर काढायची सोडून कडेला काय करतोय? पण त्यात हिशोब आहे. काळ्याचा दुसरा उंट पुढं येऊन पांढऱ्याच्या घोड्याला राजासमोर बांधून ठेवू शकतो. घोडा हलला की मागच्या राजाला शह. म्हणजे घोडा दावणीला. कडेच्या त्या एका प्याद्यानं उंटाची ती जागाच बंद केली. तार ओढून ठेवावी तसं. ढोरं आत येण्याआधी.

ही कडेची चाल पुढं फार नावाजली. क्वीन्स इंडियनमध्ये तिला आता पेट्रोशियन पद्धत म्हणतात, कारण १९६३ साली जगज्जेता झालेला तिग्रान पेट्रोशियन ती खेळायचा. नंतर कास्पारोव्हनं तिच्यावर किती तरी डाव मारले. पण पेट्रोशियन दीड वर्षाचं लेकरू होता तेव्हा सुलतान खान कापाब्लांकासमोर ती खेळून गेले होते. माझा आपला एक अंदाज आहे, जाणकारांनी हसू नये. प्यादं एक घर सरकवून आधी कुंपण नीट करायचं, ही देशी खेळाची सवय. पुस्तक वाचलेल्याला ती चाल वेळेची नासाडी वाटली असती. त्यांच्या हाताला ती आपोआप सुचली असावी.

पुढं त्यांनी आणखी एक गोष्ट केली. घोडा पुढं घुसवून काळ्याच्या उंटाशी बदली केली. आता पांढऱ्याकडं दोन उंट, काळ्याकडं एक. आणि तो उरलेला एक म्हणजे तोच, ज्याच्यासाठी सगळी मांडणी केली होती, तिरक्या वाटेवर बसवलेला. पण कापाब्लांकाचं स्वतःचंच प्यादं त्या वाटेत येऊन बसलं होतं. शेताला रस्ता ठेवला आणि त्यातच आपली गंज रचली, तसं झालं. तो उंट बराच वेळ बसून राहिला.

कापाब्लांकानं किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला होता. सुलतान खान यांनी केलाच नाही. राजा आहे तिथं मधोमध. उलट राजाच्या बाजूची दोन प्यादी पुढं रेटत नेली. मला तर बघताना धाकधूक झाली. आणि झालंही तसंच. कापाब्लांकानं दोन्ही हत्ती एका ओळीत आणून पांढऱ्याच्या घरात घुसवले, शहावर शह. सुलतान खान यांचा राजा शांतपणे एक घर वर आला. काळ्यानं दुसरा हत्ती घातला. इथं सुलतान खान यांनी आपला वजीर दिला आणि बदल्यात दोन्ही हत्ती घेतले.

बुद्धिबळात मोहऱ्यांची किंमत धरतात. वजीर नऊ, हत्ती पाच. म्हणजे नऊ देऊन दहा मिळाले. कागदावर जवळपास बरोबरी. पण कापाब्लांकाकडं वजीर होता, पटावरचं सगळ्यात ताकदवान मोहरं, आणि पांढऱ्याचा राजा उघड्यावर. कुणालाही वाटेल, आता काळा मारणार. तसं झालं नाही. काळा वजीर पांढऱ्याच्या मुलखात शिरला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, एकही कच्ची जागा सापडेना. मदतीला कुणी येईना, कारण उंट अडकलेला आणि घोडा मागच्या ओळीत. एकटा वजीर फिरून फिरून परत आला. तोवर सुलतान खान यांनी आपले दोन हत्ती एकामागं एक एकाच मोकळ्या पट्टीवर उभे केले. मग सावकाश, अगदी सावकाश, एकेक जागा घेत गेले. घाई कुठंच नाही. रात्रीच्या पाण्यासारखं, एक वाफा भरला की दुसरा. ६५ चालींनंतर कापाब्लांकानं डाव सोडला.

स्पर्धेत युवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे. कापाब्लांकानं पुढं स्वतः लिहिलं की विलायती नियम उशिरा शिकूनही या माणसानं जे केलं ती असामान्य प्रतिभा आहे. हरलेल्यानं असं म्हणायला मोठं मन लागतं, हेही आहे.

बाकी यश भराभर सांगतो. त्याआधी बेल्जियमच्या लिएज इथल्या स्पर्धेत ते दुसरे आले होते, पहिला टार्टाकोव्हर. त्याच टार्टाकोव्हरला १९३१ च्या सुरुवातीला १२ डावांच्या सामन्यात हरवलं, ४ जिंकले, ३ हरले, ५ बरोबरीत. त्याच वर्षी प्राग शहरात ऑलिम्पियाड झालं, तिथं इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर ते बसले. पहिल्या पटावर म्हणजे प्रत्येक देशाच्या सगळ्यात भारी खेळाडूसमोर. १७ डावांत ८ जिंकले, ७ बरोबरी, फक्त २ हरले. रुबिनस्टाईनला हरवलं, फ्लोहरला हरवलं, त्या वेळचा जगज्जेता अलेखाइन याच्याशी बरोबरी केली. ब्रिटिश अजिंक्यपदाला चार वेळा उतरले आणि तीन वेळा जिंकले, १९२९, १९३२ आणि १९३३.

एक किस्सा सांगतात. ऑलिम्पियाडमध्ये समोरचा खेळाडू त्यांना पुन्हा पुन्हा बरोबरी विचारत होता आणि हे नुसते हसत होते. शेवटी वैतागून त्यानं इंग्लंडच्या माणसाला विचारलं की तुमचा हा खेळाडू कुठली भाषा बोलतो. उत्तर मिळालं, बुद्धिबळ.

१९३३ सालची आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. सर उमर यांच्याच घरात फातिमा नावाची एक तरुण मुलगी होती. तिनं त्या वर्षी महिलांचं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. ११ डावांत १० जिंकले, एक बरोबरीत सोडला. म्हणजे एकाच वर्षी, एकाच पंजाबी घरातल्या दोघांनी, पुरुष आणि महिला अशी दोन्ही विलायती अजिंक्यपदं नेली.

आता तो आदराचा मुद्दा.

१९३३ साली फोकस्टन इथं पुन्हा ऑलिम्पियाड झालं. तेव्हा अमेरिकेच्या संघाला सर उमर यांनी लंडनच्या घरी जेवायला बोलावलं. त्यांच्यातला रूबेन फाईन नावाचा खेळाडू, हाही मोठा माणूस, त्यानं नंतर लिहून ठेवलंय की त्या जेवणात ताटं वाढायला सुलतान खान होते. ज्यांच्याशी पटावर बरोबरीनं झुंजायचं, तेच पाठीमागं उभे राहून वाढताहेत, आणि पाहुण्यांना तोंडात घास फिरेना. फाईनचं लिहिणं जगभर पसरलं. तेव्हापासून सगळीकडं एकच गोष्ट सांगतात, नोकर जो विजेता झाला. २०२० साली डॅनियल किंग या इंग्रज ग्रँडमास्टरनं त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही नोकर हा शब्द आहे.

त्यांच्या घरच्यांनी याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की सुलतान खान कुणाचे नोकर नव्हते. आमचं घराणं जमीनवाल्यांचं, मान असलेलं, ते लिहायला-वाचायलाही शिकलेले होते. सर उमर यांनी त्यांना खेळाडू म्हणून आश्रय दिला होता, भांडी घासायला नाही. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी बघितलं एक आणि समजले दुसरं.

खरं काय असेल? मला विचाराल तर दोन्हीत काही तरी असावं. आपल्याकडंही वाड्यावर पैलवान पोसलेला असायचा. तो नोकर म्हणावा तर नाही, मालक म्हणावा तर नाहीच. खुराक वाड्याचा, मान गावभर, पण पाटलांनी हाक मारली की उठून पाणी द्यायचं. त्याला कुणी गडी म्हटलं असतं तर त्याच्या घरच्यांना ते लागलंच असतं. पण एवढं मात्र दिसतं की कुठं खेळायचं, कधी जायचं आणि कधी परतायचं हे सुलतान खान यांच्या हातात नव्हतं. सर उमर लंडनला गेले तेव्हा ते गेले. डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर परतले तेव्हा तेही परतले. वय तिशीच्या आत-बाहेर, जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत गणती, आणि त्यानंतर युरोपात पुन्हा एकही डाव नाही.

आणि गंमत म्हणा की काय म्हणा, त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. फातिमा यांनी पुढं सांगितलं की घरी परतल्यावर त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखं झालं होतं. ती गार हवा, तो गळ्याचा पट्टा, सगळं मागं पडलं.

१९३५ साली त्यांचा एक सामना झाला, तो आपल्या मराठी माणसाशी. व्ही. के. खाडिलकर हे तेव्हाचे देशातले मोठे खेळाडू. १० डाव झाले. खाडिलकरांनी एक डाव बरोबरीत सोडवला, बाकीचे ९ सुलतान खान यांनी जिंकले. यावरून कळतं की परतल्यावरही हात गेला नव्हता. खेळायला कुणी नव्हतं, एवढंच.

सर उमर १९४४ साली वारले. जाताना सुलतान खान यांच्या नावे थोडी जमीन ठेवून गेले असं पुस्तकांत आहे. घरचे म्हणतात आमची वडिलोपार्जित होतीच. कशीही असो, ते शेतीवर राहिले. तीन वर्षांनी फाळणी झाली. त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं आणि मग हा खेळाडू नक्की कुणाचा, हे सांगायलाही कुणी उरलं नाही. हिंदुस्थानात त्यांची आठवण कुणी काढली नाही, पाकिस्तानात क्रिकेट-हॉकीपुढं बुद्धिबळाला कोण विचारतो.

१९५० साली जागतिक संघटनेनं पहिल्यांदा ग्रँडमास्टर हा किताब द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत २७ नावं होती. त्यात रुबिनस्टाईन होता, ज्याला त्यांनी हरवलं. टार्टाकोव्हर होता, ज्याला सामन्यात हरवलं. फ्लोहर, युवे होते. ताट वाढल्याची गोष्ट लिहिणारा फाईनही होता. सुलतान खान नव्हते. ते तेव्हा जिवंत होते, आपल्या शेतात होते. त्यानंतर सोळा वर्षं जगले. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा इथं क्षयरोगानं गेले.

किताब शेवटी मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. मानद म्हणून. जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी तो पाकिस्तानच्या तेव्हाच्या काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाती दिला. पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर, मरणानंतर ५८ वर्षांनी.

एक गोष्ट मात्र मला तीन रात्री टोचत राहिली. त्यांच्या थोरल्या मुलानं सांगितलंय की वडिलांनी आम्हा भावंडांना बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात काही तरी जास्त उपयोगाचं करा, असं ते म्हणायचे. ज्या माणसानं कापाब्लांकाला हरवलं, तोच पोरांना पटाला हात लावू देत नव्हता. राग होता, की शहाणपण होतं, की नुसता थकवा? ते काही लिहून गेले नाहीत, त्यामुळं ज्यानं त्यानं आपलं ठरवावं.

आमच्या घरात हा विषय सध्या ताजा आहे. पोराला जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धेला जायचंय. फी, एसटी, दोन दिवसांचं जेवणखाण, आणि पुढच्या वर्षी दहावी. त्याची आई म्हणते अभ्यास बघ आधी. तो नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव पुढं करतो, २०२५ साली विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली म्हणून. मी दोघांच्या मधे. कांद्याचे पैसे आले की बघू म्हणून वेळ मारून नेली होती.

काल रात्री तोच आला माझ्यासोबत शेतावर. मी दारं धरली आणि तो बांधावर बसून तो डाव बघत होता. पाचव्या चालीला थांबला. कडेचं प्यादं. मला विचारलं, ही चाल कशाला केली असेल सांगा. मला माहीत होतं, पण सांगितलं नाही. तो एक वाफा भरेपर्यंत विचार करत बसला आणि मग हळूच म्हणाला की उंट येऊ नये म्हणून. पहाटे लाईट गेली तेव्हा आम्ही चाळिसाव्या चालीवर होतो.